पिकअपचा थर्मोस्टॅट : काढून फेकू नका, नवा बसवा

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांची रोजीरोटी जुन्या पिकअप गाडीवर चालते. कोणी पहाटे भाजीपाला किंवा फळे बाजार समितीतून आणतो, कोणी मालेगाव-भिवंडीचे कापड वाहतो, कोणी फर्निचर, ग्रिल, खिडक्या गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवतो, तर कोणी कोकणातून मासळी व आंबा घेऊन घाट चढतो. टाटांची २०६ पिकअप १९८८ साली बाजारात आली, तिच्यामागून २०७ आली. २००० साली महिंद्राची बोलेरो आली आणि पुढे त्याच नावाची पिकअप खेडोपाडी पोहोचली. यांतील कितीतरी गाड्या दोन-तीन मालकांच्या हातून फिरून आज आपल्या दारात उभ्या आहेत आणि रोज माल वाहत आहेत.

अशा गाडीची एक तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. उन्हाळ्यात किंवा घाटात इंजिन गरम होते, काटा लाल रेघेला टेकतो, पाणी उकळू लागते. गाडी गॅरेजला जाते. गिऱ्हाईक घाईत असते, गाडीत माल भरलेला असतो. मिस्त्री वरच्या होज पाईपखालचे हाऊसिंग उघडतो, आतला थर्मोस्टॅट काढून बाजूला टाकतो आणि सांगतो, “आपल्याकडे गरम मुलूख आहे, हा थंड देशासाठी असतो. आता गाडी गरम होणार नाही.” काही दिवस काटा खरोखरच खाली राहतो आणि मालक खूश होतो. नुकसानीची सुरुवात मात्र त्याच दिवसापासून होते.

थर्मोस्टॅट हा काही शे रुपयांत मिळणारा भाग आहे. तो नसल्यामुळे किंवा बिघडल्यामुळे हेड, पिस्टन आणि लायनर यांचे जे काम निघते ते हजारोंच्या घरात जाते, आणि तितके दिवस धंदा बंद राहतो तो वेगळाच. म्हणून हा भाग काय करतो, तो बिघडला हे कसे ओळखावे आणि तो योग्य रीतीने कसा बदलावा, हे या लेखात क्रमाने पाहू. येथे दिलेली माहिती जुन्या, पाण्याने थंड होणाऱ्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनांसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बी.एस. ६ गाड्यांत सेन्सर व कॉम्प्युटरचा कारभार जास्त असतो. त्यांचे काम कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच करावे.

थर्मोस्टॅटचे काम

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, जवळपास तितकाच भाग सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाभोवती फिरणारे पाणी उचलते. वॉटर पंप हे पाणी फिरवतो आणि रेडिएटर ते थंड करतो. पण पाणी फार थंड झाले तर तेही इंजिनाला मानवत नाही. इंजिनाचे पाणी साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस या दरम्यान राहिले म्हणजे डिझेल नीट जळते, ऑइल योग्य तितके पातळ राहते आणि पिस्टन व लायनर यांच्यातील फट बनवणाऱ्याने ठरवली तेवढीच राहते.

हे तापमान सांभाळणारा दरवान म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडचे दार बंद ठेवतो. तेव्हा पाणी बायपास नावाच्या आखूड वाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. ठरलेले तापमान आले की दार उघडू लागते व पाणी रेडिएटरकडे जाते. पाणी थंड झाले की दार पुन्हा थोडे मिटते. गाडी चालू असेपर्यंत हे असेच चालू राहते.

यासाठी ना वीज लागते ना वायर. थर्मोस्टॅटच्या पोटात पितळेची किंवा तांब्याची एक छोटी डबी असते आणि तिच्यात खास प्रकारचे मेण भरलेले असते. मेण वितळताना फुगते, फुगल्यावर आतली दांडी ढकलते आणि झडप उघडते. मेण थंड होऊन आक्रसले की स्प्रिंग झडप परत मिटवते. मेणाच्या डबीचा हा थर्मोस्टॅट १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस वर्नेट यांनी काढला. आज जगभरच्या गाड्यांत तेच तत्त्व वापरले जाते.

थर्मोस्टॅटच्या कडेवर किंवा डबीवर एक आकडा ठोकलेला असतो, जसे ७१, ८२ किंवा ८८. हे तो उघडू लागण्याचे तापमान होय. ८२ चा थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि साधारण ९५ अंशांपर्यंत पूर्ण उघडतो.

काढून टाकल्याने काय होते ?

पहिले नुकसान डिझेलचे. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, धूर वाढतो आणि ॲव्हरेज पडते. हिशेब करून पाहा. समजा गाडी रोज १०० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. म्हणजे रोज सुमारे ८.३ लिटर डिझेल लागते. ॲव्हरेज फक्त १ किलोमीटरने घटून ११ वर आले, तर रोज सुमारे ९.१ लिटर लागेल. महिन्याचे २५ दिवस धरले तर जवळपास १९ लिटर डिझेल जादा जाते. त्याला आपल्या गावचा आजचा भाव लावा. नवा थर्मोस्टॅट किती दिवसांत फिटतो ते आपोआप कळेल.

दुसरे नुकसान आतून होते आणि लवकर दिसत नाही. न जळलेले डिझेल लायनरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते व ऑइल चेंबरमधील ऑइल पातळ करते. जळणातून निघणारी वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. डिझेलमध्ये गंधक जास्त असे तेव्हा याच पाण्याचे आम्ल होऊन लायनर खात असे. २०२० पासून आपल्याकडचे डिझेल पुष्कळ स्वच्छ झाले आहे, त्यातील गंधक १० पीपीएमपर्यंत खाली आले आहे. तरी पाणी ते पाणीच. ऑइलमध्ये मिसळून ते चिखलासारखा गाळ तयार करते. लायनर, पिस्टन रिंग आणि बेअरिंग यांची झीज वाढते. गाडी ऑइल पिऊ लागली, कॉम्प्रेशन कमी झाले, पहाटे सुरू व्हायला त्रास देऊ लागली, म्हणजे मालक डिझेल पंपाला व नोझलला दोष देतो. मूळ कारण दोन वर्षांपूर्वी गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले असते.

तिसरे नुकसान ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. थर्मोस्टॅट काढलेले इंजिन घाटात उलट जास्त गरम होऊ शकते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी एक चकती असते. वरची झडप उघडली की ही चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळे गरम पाणी रेडिएटरला जाणे भाग पडते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा राहतो. पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता गरमच परत इंजिनात शिरतो. सपाट रस्त्यावर हे चालून जाते. कसारा किंवा खंबाटकी घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गियरमध्ये चढू लागली की काटा वर जातो. “पाणी जोरात पळते म्हणून रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही,” असे गॅरेजमध्ये सांगितले जाते, ते बरोबर नाही. खरे कारण ही उघडी राहिलेली आडवाट आहे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, थर्मोस्टॅट काढल्याने मूळ रोग झाकला जातो. रेडिएटर गाळाने चोंदलेला असेल, फॅन बेल्ट सैल असेल किंवा वॉटर पंप झिजला असेल, तर थर्मोस्टॅट काढल्यावर हा दोष काही आठवडे लपतो. तो पुन्हा उघडा पडतो तेव्हा गाडी बहुधा माल भरून गावापासून दूर असते.

दोष थर्मोस्टॅटचाच आहे का ?

थर्मोस्टॅट दोन तऱ्हांनी बिघडतो. एक, तो बंद अवस्थेत अडकतो. दोन, तो उघडा अडकतो. दोन्हींची लक्षणे अगदी वेगळी आहेत.

बंद अडकला तर इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर चढत जातो, पण वरचा होज पाईप आणि रेडिएटर जवळपास थंडच राहतात. इंजिन उकळत आहे आणि रेडिएटर थंड, हे त्याचे मोठे लक्षण आहे. मात्र पाणी कमी असणे, आत हवा अडकणे किंवा पंप निकामी होणे यांनीही असेच होते. म्हणून या गोष्टी आधी पाहाव्यात.

उघडा अडकला किंवा आधीच कोणी काढून टाकलेला असेल, तर सकाळी गाडी सुरू केल्यापासूनच वरचा होज पाईप हळूहळू कोमट होऊ लागतो. दहा-पंधरा किलोमीटर चालूनही काटा खालीच रेंगाळतो. थर्मोस्टॅट चांगला असेल तर वरचा पाईप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. हा फरक हाताला लगेच कळतो. हात लावताना फॅन आणि बेल्टपासून बाही, रुमाल व बोटे दूर ठेवावीत. काही गाड्यांना विजेचा फॅन असतो, तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

गरम होणाऱ्या गाडीत थर्मोस्टॅट उघडण्यापूर्वी पुढील गोष्टी ओळीने तपासा :

१) रेडिएटरमधील पाण्याची पातळी, आणि होज, पंप किंवा रेडिएटरमधून कोठे गळती आहे का.

२) रेडिएटरचे झाकण. त्याचे रबर फाटले किंवा स्प्रिंग मेली तर पाणी लवकर उकळते. झाकणावर दाबाचा आकडा असतो. ०.९ बारचे झाकण साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे ११८ अंशांवर नेते. बिनरबराचे झाकण लावले तर हा सारा फायदा गेला.

३) फॅन बेल्ट सैल, चकचकीत किंवा तेलकट झाला आहे का.

४) रेडिएटरच्या जाळीत चिखल, किडे, भुसा अडकला आहे का. बाजारात फिरणाऱ्या गाडीत हे हमखास सापडते.

५) रेडिएटर आतून चोंदला आहे का. इंजिन गरम झाल्यावर ते बंद करा, फॅन थांबू द्या आणि रेडिएटरवर ठिकठिकाणी सांभाळून हात फिरवा. काही भाग गरम आणि काही थंड लागला तर थंड भागातील नळ्या बंद आहेत.

६) काटा स्वतःच खोटा दाखवतो आहे का. सेन्सरची वायर गंजली तरी काटा चुकतो.

झाकण उघडे असताना थंड इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, ऑइल दुधाळ झाले असेल किंवा सायलेन्सरमधून पांढरी वाफ थांबतच नसेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तेथे नवा थर्मोस्टॅट काहीच करणार नाही.

नवा भाग घेताना

जुना थर्मोस्टॅट हातात घेऊनच दुकानात जा. सोबत गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन नंबर लिहून न्या. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिने आली आहेत. महिंद्राच्या २५२३ सी.सी. डी.आय. इंजिनाचा भाग टाटा २०७ डी.आय.च्या ४९७ इंजिनाला चालणार नाही हे तर उघडच आहे. पण एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या इंजिनातही फरक असतो. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत : तापमानाचा आकडा, कडेचा व्यास, एकूण उंची आणि खालची बायपास चकती. चकती असलेल्या इंजिनात बिनचकतीचा थर्मोस्टॅट बसवला तर तो बसेल, पण बायपास उघडाच राहील.

गाडी गरम होते म्हणून ८२ च्या जागी ७१ चा घेण्याचा मोह टाळा. तो फक्त लवकर उघडतो, रेडिएटरची ताकद वाढवत नाही. कंपनीने दिलेला आकडाच घ्या.

मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर, पुण्यात नाना पेठेत किंवा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ओळखीच्या दुकानातून पक्के बिल घेऊन माल घ्यावा. नामांकित कंपनीच्या डब्यात बनावट माल भरून विकण्याचा प्रकार सुट्या भागांच्या धंद्यात होतो. छपाई पुसट, आकडा ठोकलेला नाही, स्प्रिंग ढिली, असा माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. भंगारातील जुना थर्मोस्टॅट तर मुळीच नको. थर्मोस्टॅटबरोबर नवे गॅस्केट किंवा रबर रिंग, होजच्या दोन क्लिपा आणि कूलंटही घ्यावे. होज दाबून पाहावा. कडक झालेला, फुगलेला किंवा भेगा पडलेला असेल तर तोही याच वेळी बदलावा.

बसवण्यापूर्वी परीक्षा

नवा थर्मोस्टॅटही तपासूनच बसवावा. पत्र्याचे जुने भांडे घ्या, जे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही. त्यात पाणी भरा. थर्मोस्टॅटची झडप बोटांनी किंचित उघडून तिच्या फटीत दोऱ्याचे टोक धरा आणि त्या दोऱ्यावर तो पाण्यात लोंबकळत सोडा. तो तळाला टेकू नये. शेजारी थर्मामीटर धरा, पण तो १०० अंशांच्या वर मोजणारा हवा, तापाचा चालणार नाही. पाणी हळूहळू तापवा व ढवळत राहा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणी आकडा वाचा. ८२ चा थर्मोस्टॅट ८० ते ८४ च्या दरम्यान सुटला तर तो चांगला. मग पाणी उकळीपर्यंत न्या आणि झडप मोठी उघडते का पाहा. बाहेर काढून गार होऊ द्या. ती घट्ट मिटली पाहिजे. जुना थर्मोस्टॅटही असाच तपासा, म्हणजे दोष खरोखर त्याचा होता की नाही याची खात्री पटेल.

बदलण्याची कृती

साहित्य : १०, १२ व १३ नंबरचे रिंग पाने किंवा गोटी पाने, स्क्रू ड्रायव्हर, पकड, स्वच्छ घमेले, लाकडी किंवा पितळी खरवडणी, बारीक पॉलिश पेपर, स्वच्छ फडके.

पहिली पायरी. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सर्वांत चांगले म्हणजे हे काम सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी करावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबामुळे शंभराच्या वर असूनही उकळत नसते. झाकण फिरवताच दाब जातो आणि सगळे पाणी वाफ होऊन तोंडावर येते. असे भाजलेले चेहरे व हात गॅरेज लाईनमध्ये अनेकांनी पाहिले आहेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

दुसरी पायरी. रेडिएटरच्या खालचा ड्रेन कॉक उघडून घमेल्यात पाणी काढा. थर्मोस्टॅटच्या पातळीखाली येईल इतके, तीन-चार लिटर काढले तरी पुरते. पाणी लाल-तपकिरी असेल तर सगळेच काढून रेडिएटर धुवा. कूलंट विषारी असते. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागते, म्हणून मांजर, कुत्रे, शेळी ते चाटते आणि मरते. लहान मुलांनाही तेवढाच धोका. ते मोहल्ल्याच्या गटारात ओतू नये, उघड्यावर ठेवू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून नाव लिहून ठेवावे आणि जुने ऑइल व टाकाऊ रसायने नेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

तिसरी पायरी. रेडिएटरचा वरचा होज जेथे इंजिनाला मिळतो, तेथेच या जातीच्या बहुतेक इंजिनांत थर्मोस्टॅटचे हाऊसिंग असते. क्लिप ढिली करून मागे सरकवा. होज हाताने डावीकडे-उजवीकडे पिळून सोडवा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, हाऊसिंगची नळी तुटते. होज चिकटून बसला असेल तर तो लांबीने कापून टाकावा. होज स्वस्त आहे, हाऊसिंग महाग.

चौथी पायरी. हाऊसिंगला दोन किंवा तीन बोल्ट असतात. ते वर्षानुवर्षे पाण्यात गंजलेले असतात. आदल्या रात्रीच त्यांच्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. डोक्यावर हलकी ठोक द्यावी आणि थोडे उलटे, थोडे सुलटे असे फिरवत सोडवावेत. लांब पाईप लावून जोर केला तर बोल्ट आतच मोडतो, आणि दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवस होतात.

पाचवी पायरी. हाऊसिंग उचला. आत थर्मोस्टॅट कसा बसला आहे ते हात लावण्यापूर्वी नीट पाहा. कागदावर आकृती काढा किंवा मोबाईलवर फोटो घ्या. मेणाची डबी व मोठी स्प्रिंग यांची बाजू इंजिनाकडे असते. कडेला एखादे बारीक छिद्र किंवा हलणारी पिन असते, ती हवा निघण्यासाठी आहे. तिची जागा वरच्या अंगाला असते. आत थर्मोस्टॅट सापडलाच नाही, तर पूर्वी कोणीतरी तो काढून टाकला आहे. अशा वेळी दिशेसाठी कंपनीची पुस्तिका किंवा तसलेच दुसरे इंजिन पाहावे.

सहावी पायरी. भोकात फडक्याचा बोळा घाला, म्हणजे जुने गॅस्केट इंजिनात पडणार नाही. दोन्ही तोंडे खरवडून साफ करा. ॲल्युमिनियमवर पोलादी पटाशी चालवू नका, एक ओरखडाही गळतीला पुरतो. हाऊसिंगचे तोंड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर हलक्या हाताने घासले की उंचसखल जागा लगेच दिसतात. तोंड खोल कुरतडलेले असेल तर हाऊसिंग बदला. शेवटी बोळा काढायला विसरू नका.

सातवी पायरी. थर्मोस्टॅट त्याच्या खाचेत बसवा, डबी इंजिनाकडे आणि पिन वर. कागदी गॅस्केट असेल तर दोन्ही बाजूंना सीलंटचा अगदी पातळ हात द्या. रबर रिंग असेल तर सीलंट मुळीच नको. सिलिकॉन थापून लावण्याची सवय वाईट आहे. आतल्या बाजूला निघालेला जादा सिलिकॉन सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो.

आठवी पायरी. हाऊसिंग ठेवून सर्व बोल्ट आधी बोटांनी फिरवा. थर्मोस्टॅट खाचेतून सरकला नाही ना याची खात्री करा. तो तिरका राहिला आणि बोल्ट आवळले तर हाऊसिंगचा कान तुटतो. मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पुस्तिका जवळ नसेल तर ६ मि.मी. जाडीच्या बोल्टला सुमारे १० आणि ८ मि.मी.च्या बोल्टला सुमारे २० न्यूटन-मीटर एवढा जोर पुरतो. टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना घ्या आणि मनगटाच्या जोराने आवळा, खांद्याच्या जोराने नाही. होज पूर्ण आत सरकवून नवी क्लिप लावा.

पाणी भरणे आणि हवा काढणे

हे काम घाईने केले जाते आणि म्हणूनच नवा थर्मोस्टॅट घालूनही गाडी गरम होते. बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते जड असते. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो तसाच तो इंजिनात व रेडिएटरमध्ये बसतो. निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी घ्या, किंवा तयार मिश्रण घ्या. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालू नये. आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारणारे आहेत. कूलंट गंज रोखते आणि उकळी लांबवते. आपल्याला त्याची गरज यासाठीच आहे. दोन वेगळ्या रंगांची व जातींची कूलंट एकत्र करू नयेत.

हीटर असेल तर त्याचे बटण गरमवर ठेवा. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो ढिला करा. मिश्रण हळूहळू ओता आणि वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतील. पातळी भरल्यावर बॅटरीची वायर जोडून झाकण न लावता इंजिन सुरू करा आणि संथ चालू द्या. तोंड रेडिएटरवर धरू नका. काही वेळाने वरचा होज एकाएकी गरम होईल आणि पातळी खाली जाईल. थर्मोस्टॅट उघडल्याची ती खूण होय. पातळी पुन्हा भरा, बुडबुडे थांबले की स्क्रू व झाकण घट्ट लावा.

आता रिकामी गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा. काटा मधोमध येऊन स्थिर राहिला पाहिजे. हाऊसिंगभोवती ओल आहे का पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात पातळी परत तपासा. थोडी घटलेली असतेच, ती भरा. त्यानंतरच माल भरून लांबच्या फेरीवर जा.

रस्त्यात काटा वर गेला तर

लगेच बाजूला थांबा. “गाव आलेच आहे” म्हणून पुढे रेटलेल्या दोन किलोमीटरांत हेड वाकते. पाणी सांडत नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे, म्हणजे पंप व फॅन उष्णता बाहेर काढतील. पाणी गेलेले असेल, बेल्ट तुटला असेल किंवा काटा उतरत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. वरचा होज हाताला थंड व मऊ लागल्यावर फडके धरून झाकण सावकाश सोडावे आणि पाणी थोडे थोडे घालावे.

मिस्त्री बांधवांसाठी दोन शब्द

गॅरेज चालवणाऱ्या आपल्या कारागिरांनी एक शिस्त स्वतःला लावून घ्यावी. गिऱ्हाइकाला न सांगता थर्मोस्टॅट काढू नये. पर्यायच नसेल, घाटात रात्री गाडी अडली असेल, तर काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि “आठ दिवसांत नवा बसवा” असे बिलावर लिहून द्यावे. जुना भाग नेहमी परत करावा. भांड्यातली परीक्षा गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी. त्याला आपला पैसा कोठे गेला हे डोळ्यांनी दिसते आणि तो पुढच्या वेळी दुसरे गॅरेज शोधत नाही. उस्तादाने शागीर्दाला पाना धरायला शिकवावेच, पण बोल्ट खोलण्यापूर्वी होजला हात लावून रोग ओळखायलाही शिकवावे. खोलणारे हात पुष्कळ आहेत, ओळखणारे थोडे आहेत, आणि गिऱ्हाईक ओळखणाऱ्याकडेच परत येते.

मालकाने ठेवायची नोंद

गाडीत एक छोटी वही ठेवा. थर्मोस्टॅट, कूलंट, बेल्ट, होज आणि झाकण कोणत्या तारखेला व किती किलोमीटरवर बदलले ते लिहा. दर वर्षी उन्हाळा लागण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटी, रेडिएटरची जाळी धुवा, बेल्ट व झाकण पाहा आणि होज गरम होण्याची परीक्षा करा. कूलंट त्याच्या डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बदला. नुकतीच घेतलेली जुनी गाडी असेल तर आत थर्मोस्टॅट आहे की नाही हे पहिल्याच आठवड्यात पाहून घ्या. विकणाऱ्याला बहुधा ते माहीत नसते.

दुकानाच्या गल्ल्याचा हिशेब आपण रोज रात्री करतो. गाडीच्या काट्याकडेही तसेच रोज पाहावे. तो फार वर गेला तर आपण घाबरतो, पण तो कायम खाली राहिला तरी नुकसान चालूच आहे. काटा मधोमध स्थिर असला म्हणजे इंजिन ठीक चालले आहे असे समजावे.